दोन्ही अर्जांवर पहिली सही

सोमवारी सकाळी टपालवाल्याने दुकानाच्या टेबलावर दोन पाकिटं ठेवली आणि ती उघडून मायनाभाऊ पार भंजाळून गेले.

दोन्ही पाकिटं प्रभाग कार्यालयाची, दोन्हींवर त्यांचंच नाव, आत एकाच अधिकाऱ्याची सही. पहिल्यात लिहिलं होतं की कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत महिलांसाठी स्वच्छतागृह बांधावं या आपल्या मागणीवर शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी आहे, तरी मुख्य अर्जदार म्हणून हजर राहावं. दुसऱ्यात लिहिलं होतं की त्याच जागेत स्वच्छतागृह बांधू नये या आपल्या हरकतीवर शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी आहे, तरी मुख्य हरकतदार म्हणून हजर राहावं. भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खोलीचा नंबरसुद्धा तोच होता. म्हणजे शुक्रवारी त्यांना स्वतःच्याच शेजारी बसून स्वतःशीच भांडायचं होतं.

हा माणूस दुतोंडी असणार असं कुणालाही वाटेल. तसं मुळीच नव्हतं. उलट इतका सरळ माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता आणि घोटाळा झाला तो त्या सरळपणामुळेच.

भाऊंचं टायपिंगचं दुकान होतं. तीस वर्षांपूर्वी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, शेजारी झेरॉक्सचं मशीन आलं, पण काम तेच राहिलं: लोक बोलणार आणि भाऊ ते अर्जात बसवणार. कुठल्या साहेबाला ‘माननीय’ लिहायचं, कुठल्याला ‘सन्माननीय’ आणि कुठल्याला नुसत्या ‘महोदय’वर भागवायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मायना असा झोकदार की साहेबाने पुढचं वाचलंच पाहिजे. म्हणून ते मायनाभाऊ. खरं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं होतं.

गल्लीची एक रीत होती. सामुदायिक अर्ज टाइप झाला की खाली सह्यांसाठी आखलेल्या कोऱ्या जागेवर पहिली सही करायला कुणी धजत नसे. पहिलं नाव म्हणजे पुढारी. काही कमीजास्त झालं तर साहेब पहिल्यालाच बोलावतो, हे सगळ्यांना पाठ होतं. ‘तुम्ही करा, मग मी करतो’ असं एकमेकांना म्हणत लोक पेन फिरवत बसायचे आणि अर्ज तसाच पडून राहायचा. शेवटी भाऊंनीच तोड काढली. अर्ज छापून झाला की पहिल्या ओळीत ते स्वतः सही ठोकायचे, म्हणजे पान सुरू व्हायचं. नळाला पाणी नाही, दिवा बंद आहे, कुत्री फार झाली आहेत, सगळ्या अर्जांवर भाऊंची सही पहिली. त्या सहीला त्यांच्या लेखी काही अर्थ नव्हता. दुकानाचं शटर वर करावं तशी ती सही होती.

दीड महिन्यापूर्वी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या. खुर्चीत न बसता उभ्या उभ्याच सांगत सुटल्या. कोपऱ्यावर आठ बायका दिवसभर बसतात. कुणी फुलं विकते, कुणी कपड्यांना रफू करते, कुणी पिशव्यांच्या चेनी बसवून देते. जवळचं स्वच्छतागृह बसस्टँडवर, जाऊन येऊन चाळीस मिनिटं. गिऱ्हाईक आणि सामान कुणाच्या भरवशावर टाकणार? म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सहा-सहा, आठ-आठ तास. मग जळजळ, ताप, मूत्रपिंडाला सूज. भाऊंनी टाइप केलं: ‘सदर महिला नाइलाजास्तव दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात, परिणामी त्यांच्या आरोग्याची अपरिमित हानी होत आहे.’ वाक्य त्यांना फार आवडलं. ‘अपरिमित’ ठेवावं की ‘भरून न येणारी’ लिहावं, यावर त्यांनी बराच विचार केला.

पिशव्यांच्या चेनी बसवणारी बाई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण होती. ताई कोपऱ्यावर बसते हे भाऊंना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? गेली बारा वर्षं ते रोज तिच्या मशीनवरून जात होते. पण टाइप करताना डोळ्यांसमोर ताई आली नाही, वाक्य आलं. माणसं शब्दांत इतकी रमतात की त्या शब्दांत बसलेलं घरचं माणूस त्यांना दिसत नाही, आणि मला अशा माणसांचा राग येतो, पण भाऊंचा पुरता राग काही येत नाही.

पुढे दहा दिवसांनी हेडसर आले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांच्यासमोर अजून हाताची घडी घालूनच उभी राहायची. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या मोकळ्या जागेवर उघडत होती, मध्ये अंतर बारा फूट. पलीकडच्या गल्लीत चार वर्षांपूर्वी असंच एक स्वच्छतागृह बांधलं होतं. तीन महिने पाणी आलं, मग पिंप आलं, मग पिंपही गेलं. पुढे वर्षभर लोकांनी खिडक्या उघडल्या नाहीत आणि शेवटी त्याला कुलूप लागलं. हेडसर म्हणाले, ‘बांधायला सगळे येतात, धुवायला कुणी येत नाही.’ यात खोटं काय होतं? भाऊंनी तेही टाइप केलं, तितक्याच मन लावून, आणि सवयीने पहिली सही केली. दोन्ही अर्ज पाळीपाळीने टेबलावर पडले, झेरॉक्सला येणारे सह्या करत गेले, आणि भाऊ ते विसरूनही गेले.

रात्रीचं जेवण वाढताना बायकोने दोन्ही पाकिटं वाचली.

‘मग तुम्हाला काय वाटतं?’ तिने विचारलं.

‘कशाबद्दल?’

‘संडासाबद्दल. दुसरं काय चाललंय?’

भाऊंनी घास खाली ठेवला. ‘नर्सबाईंचं म्हणणं बरोबर आहे.’

‘मग झालं तर.’

‘पण हेडसरांचंही बरोबर आहे.’

‘मी त्यांचं नाही विचारलं. तुमचं विचारतेय.’

तीस वर्षांत भाऊंना हे कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते ‘कसं लिहायचं’ एवढंच. त्यांनी स्वतःच्या आत डोकावून पाहिलं तर तिथे एक नर्सबाई बोलत होत्या, एक हेडसर बोलत होते आणि एक रिकामी खुर्ची होती.

‘सांगतो उद्या,’ ते म्हणाले.

‘कुणाला विचारून?’ बायको म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

मंगळवारी ते हेडसरांकडे गेले. जाताना ठरवून गेले होते की सर, माझी सही तेवढी मागे घेऊ द्या. पण हेडसरांनी त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि खिडकी उघडून दाखवली. समोर मोकळी जागा, तिच्या पलीकडे ताईच्या मशीनची छत्री. हेडसरांची आजारी पत्नी आतल्या पलंगावर पडून होती आणि वारा यायला घरात तेवढी एकच खिडकी होती.

‘तुमचं नाव वर दिसलं म्हणून तर एवढ्या सह्या झाल्या,’ हेडसर म्हणाले. ‘नाहीतर माझं कोण ऐकतंय आता?’

हे बोलताना त्यांचा आवाज इतका उतरला की भाऊ ‘तसं काही नाही सर’ एवढंच पुटपुटले आणि चहा पिऊन परत आले. सहीचा विषय निघालाच नाही.

बुधवारी नर्सबाई स्वतःच दुकानात आल्या. शुक्रवारी काय बोलायचं ते ठरवायला. हरकतीच्या अर्जावरही भाऊंची सही आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाऊंच्याही तोंडून ते बाहेर पडेना.

‘तुमच्या ताईंचंच उदाहरण द्या,’ त्या म्हणाल्या. ‘या वर्षात दोनदा ताप येऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलंय, तिसऱ्यांदा झालं तर मूत्रपिंडाचं काही खरं नाही. तुम्हाला माहीतच असेल.’

भाऊंना माहीत नव्हतं. ताईने त्यांना उष्णता म्हणून सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी ‘नीट जप’ म्हणून फोन ठेवून दिला होता.

त्यांनी दुकान बंद केलं आणि कोपऱ्यावर गेले. ताई एका प्रवासी बॅगेची जुनी चेन उसवत होती. पायाशी पाण्याची बाटली होती, काठोकाठ भरलेली, दुपारचे तीन वाजले तरी. विचारायचं तर होतं, पण साठीच्या बहिणीला पन्नाशीच्या भावाने हे विचारायचं कसं? याला मायना कुठला?

‘बरी आहेस ना?’ ते म्हणाले.

‘मला काय धाड भरलीय,’ ताई मान वर न करता म्हणाली. ‘तू आज इकडे कसा? दुकान कुणी लुटलं का?’

‘सहज आलो.’

‘सहज येणारा आहेस होय तू.’

तेवढ्यात बॅगवाला आला, घाई करायला लागला, आणि भाऊ जरा वेळ उभे राहून निघाले. तिला शुक्रवारच्या सुनावणीचं विचारायचं राहिलंच. ती येणार होती हे त्यांना शुक्रवारी प्रभाग कार्यालयात गेल्यावरच कळलं.

गुरुवारी त्यांनी दोन निवेदनं टाइप केली, एक अर्जदाराचं, एक हरकतदाराचं. वाटलं, लिहिता लिहिता कुठलं आपलं ते कळेल. दोन्ही सुरेख झाली. वाचल्यावर दोन्ही पटली. मग त्यांनी दोन्ही फाडून टाकली.

शुक्रवारी खोलीत एक लांब टेबल, टेबलामागे अधिकारी मॅडम, आणि समोर खुर्च्यांच्या दोन रांगा. एका रांगेत नर्सबाई आणि कोपऱ्यावरच्या बायका, दुसरीत हेडसर आणि त्यांच्या बाजूची घरं. ताई बायकांच्याही मागे, भिंतीला टेकून बसली होती. भाऊ दारात उभे.

‘तुम्ही कुठल्या बाजूचे?’ कारकुनाने विचारलं.

भाऊंनी दोन्ही पाकिटं पुढे केली. कारकुनाने त्यांना फायलींच्या कपाटाशेजारी उभं केलं.

मॅडमनी दोन्ही अर्ज समोर ओढले. बाई कडक वाटत नव्हत्या, थकलेल्या वाटत होत्या. ‘मागणीच्या अर्जावर त्रेसष्ट सह्या आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘हरकतीच्या अर्जावर एकाहत्तर. आम्ही नावं ताडून पाहिली. अडतीस माणसं दोन्हीकडे आहेत.’

खोलीत कुजबुज झाली. दोन्ही रांगा एकमेकींकडे बघायला लागल्या.

‘म्हणजे या अडतीस जणांना स्वच्छतागृह पाहिजेही आणि नकोही,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि त्यांत पहिलं नाव दोन्हीकडे एकच आहे. मी निर्णय कसा द्यायचा ते मला सांगा.’

नर्सबाईंनी मान वळवून भाऊंकडे पाहिलं. हेडसरांनीही पाहिलं. भाऊंना कपाटात शिरावंसं वाटलं.

चष्म्याच्या दुकानाचा मालक उभा राहिला. ‘मॅडम, मी दोन्हीवर केली. भाऊंची सही होती वर, म्हणून केली. भाऊ विचार करूनच करणार ना.’ त्याच्यामागून आणखी दोघांनी तेच सांगितलं. जो तो भाऊंचा हवाला देत होता. पान सुरू व्हावं म्हणून केलेली सही लोकांनी त्यांचं मत म्हणून वाचली होती.

मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. ‘या बाई कोण? चेनीचं काम करतात असं लिहिलंय. तुम्ही कोपऱ्यावरच बसता ना? मागणीत तुमची सही आहे ते समजलं. पण हरकतीवर?’

ताई उभी राहिली. तिने दोन्ही हात एकमेकांत धरले होते.

‘दुसरा कागद तुम्ही वाचला नव्हता का?’ मॅडमनी विचारलं.

‘वाचला होता.’

‘मग?’

ताईने भाऊंकडे पाहिलं नाही. टेबलाच्या पायाकडे बघत बोलली. ‘आधी पहिल्या कागदावर केली. मग काही दिवसांनी झेरॉक्सला गेले तर हा दुसरा होता, आणि त्याच्यावर भावाचं नाव. मला वाटलं, त्याचं मन बदललं असेल. त्याचं दुकान तिथून चार पावलांवर. लोकांत वावरतो. बहीण संडास मागत हिंडते, हे त्याला बरं वाटत नसेल. म्हटलं, त्याला नको असेल तर नको. इतकी वर्षं काढली, अजून काढीन.’

आणि ती खाली बसली.

भाऊंना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण ही बाई त्यांच्या एका निरर्थक सहीपायी मूत्रपिंड घालवायला निघाली होती आणि त्यांना एक शब्दही बोलली नव्हती.

‘अर्जदार,’ मॅडम म्हणाल्या. ‘किंवा हरकतदार. तुमचं म्हणणं काय आहे?’

भाऊ टेबलापाशी आले. सवयीने ‘सन्माननीय’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

‘संडास पाहिजे,’ ते म्हणाले. तो शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्या अर्जात घातला नव्हता. ‘माझी बहीण तिथे बसते. तिला जायला जागा नाही. सही केली तेव्हा मी याचा विचार केला नव्हता. दोन्ही वेळा केला नव्हता. माझ्या सहीवर ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या सह्या धरू नका.’

‘आणि हरकत?’

‘हरकत...’ भाऊ हेडसरांकडे वळले. ‘हरकत खोटी नाही मॅडम. पाणी नसेल तर सरांच्या घरात राहता येणार नाही. तेही खरं आहे. मला ते दोन्ही एकत्र कसं लिहायचं ते कळत नाही.’

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

हेडसर हळूच उठले. ‘आमची हरकत आहे तशीच आहे,’ ते म्हणाले. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. ‘या बाई माझ्या खिडकीतून मला रोज दिसतात. मला वाटायचं, कामात आहेत म्हणून उठत नाहीत.’ एवढं बोलून ते बसले.

मॅडमनी दोन्ही अर्ज निकाली काढले, म्हणजे दोन्ही परत केले. पंधरा दिवसांनी त्या स्वतः कोपऱ्यावर येणार, पाण्याच्या खात्याचा माणूस बरोबर आणणार, आणि ज्याला जे म्हणायचं ते त्याने तिथे उभं राहून स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. मंजूर काही झालं नाही, नामंजूरही नाही. बाहेर पडताना नर्सबाई भाऊंशी बोलल्या नाहीत. चष्मेवाला मात्र जवळ येऊन म्हणाला, ‘मग भाऊ, आता आपण कुठल्या बाजूला?’

ताई जिना उतरून झपाझप चालायला लागली होती. भाऊंनी तिला फाटकाशी गाठलं. दोघं बरोबर चालायला लागले. सकाळपेक्षा आता भाऊंना आणखीच कमी कळत होतं: पाणी येईल का, धुणार कोण, हेडसरांच्या पत्नीचं काय, पंधरा दिवसांनी कोण काय बोलेल.

‘मला एकदा विचारायचंस,’ ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भाऊंना सोसवेना.

‘चुकलं माझं.’

‘तसं नाही रे. मीही कुठे विचारलं तुला.’

ते थांबले. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांना आडवे. ‘ताई, तुला काय पाहिजे? कसं पाहिजे तुला?’

ताईला प्रश्नच कळला नाही. ‘कसं म्हणजे?’

‘बांधलं तर. आत काय काय पाहिजे?’

ती विचार करायला लागली. तिची कपाळपट्टी आक्रसली, ओठ हलले, मध्येच ‘नको, ते नको’ असं स्वतःशीच म्हणाली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, तर उत्तर तयार कुठून असणार? भाऊ खिशातून पेन आणि कागदाचा एक तुकडा काढून उभे राहिले.

‘कडी,’ ती शेवटी म्हणाली. ‘आतून लागणारी. नीट लागणारी, हाताने दार धरून बसायला लागू नये.’

भाऊंनी लिहिलं.

‘आणि एक खिळा. पिशवी अडकवायला. खाली ओल असते, पिशवी ठेवायची कुठे? एका हातात धरून बसलं की...’ तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग आवाज न उतरवता म्हणाली, ‘फार उंचावर नको मारायला सांगू. माझा हात पुरला पाहिजे.’

हे मागणीत घालायचं की हरकतीत, की आणखी कुठे, ते भाऊंना कळेना. त्यांनी हात वर करून दाखवला, ‘एवढा?’

‘खाली,’ ताई म्हणाली. ‘अजून खाली घे.’